‘गणित जमत नाही? मग वेल्डिंगला घाला’ – हे मला मान्य नाही

करवत :
कालच्या व्यवसाय शिक्षणावरच्या लेखातलं एक वाक्य रात्रभर डोक्यात घोळतंय, म्हणून वेगळा धागा काढला. लेखक म्हणतात, “ज्यांना गणित जमत नाही त्यांना आठवीनंतर सरळ वेल्डिंग-वायरिंगला घाला. बीजगणितात त्यांचा वेळ का घालवायचा?” खाली सगळ्यांनी माना डोलावल्यात.

माझी हयात टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात हत्यारं आणि साचे बनवतात तिथे, गेली. लेथवर, म्हणजे काम फिरवून कापायच्या मशीनवर, टेपर (निमुळता उतार) काढायचा तर कोन काढावा लागतो, म्हणजे त्रिकोणमितीतला टॅन थीटा आलाच. व्हर्निअर (बारीक माप घ्यायची पट्टी) वाचायचं तर दशांश पक्के हवेत. वायरिंगमध्ये लोड किती, वायर किती जाडीची, हे हिशोबाशिवाय ठरवलं तर आग लागते. गणित सोडवून ज्याला तुम्ही कारखान्यात पाठवाल, तो जन्मभर दुसऱ्याने सेट केलेल्या मशीनचं हँडल फिरवत बसेल. व्यवसाय शिक्षण जरूर द्या, पण सगळ्यांना द्या, पहिल्या नंबरच्या मुलालाही द्या. नापासांचं गोदाम करू नका.

निशिगंध :
ऐकायला छान आहे. माझा धाकटा भाऊ गणितात सतत नापास व्हायचा. शाळेत अपमान, घरी बोलणी. शेवटी रेफ्रिजरेशनच्या कामाला लागला आणि माणसात आला. आज त्याच्या हाताखाली माणसं आहेत. ‘सगळ्यांना सगळं शिकवा’ म्हणणाऱ्यांनी मागच्या बाकावर कधी बसून पाहिलंय का? जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. बुडाली का जर्मनी?

अर्धवर्तुळ :
जर्मनीचं नाव घ्यायचं तर पूर्ण घ्या. तिथे व्यवसाय शिक्षण म्हणजे नुसती शाळा नाही. कंपनीशी करार होतो, आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत काम, बाकी दिवस व्यवसाय शाळेत, आणि वर विद्यावेतन. शाळेत एक वर्कशॉप बांधून ते होत नाही. चौथीनंतरच्या चाळणीवर तिथेही वर्षानुवर्षं वाद आहे. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ती सहावीनंतर होते.

शिवाय शिक्षणाचे अर्थतज्ज्ञ हानुशेक आणि सहकाऱ्यांचा २०१७चा ११ देशांवरचा अभ्यास बघा. व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांना सुरुवातीला नोकरी पटकन मिळते, पण वय वाढल्यावर तेच मागे पडतात, कारण तंत्र बदलतं आणि नवं शिकायचा पाया कच्चा असतो. ॲप्रेंटिसशिपवर (कंपनीत काम करत शिकण्यावर) भर देणाऱ्या देशांत तर हे जास्तच ठळक दिसलं.

निशिगंध :
मग स्वीडनचंही सांगा की! तिथे १९९१च्या सुधारणेत व्यवसाय अभ्यासक्रम दोनाचा तीन वर्षांचा केला, पुस्तकी विषय वाढवले. विद्यापीठात जाणारे वाढले नाहीत. उलट कमी गुणांची मुलं जास्त संख्येने शिक्षण अर्धवट सोडून गेली. म्हणजे ज्यांच्यासाठी केलं, तीच बाहेर पडली.

खडूफळा :
तुमचं जर्मनी-स्वीडन राहू दे, शिकवणार कोण ते सांगा. आमच्या शाळेत वेल्डिंगचा वर्ग सुरू झाला. वेल्डिंगच्या रॉडची, म्हणजे वितळून जोड भरणाऱ्या कांड्यांची, पाकिटं फोडून ओल धरलेल्या कपाटात टाकलेली. लो हायड्रोजन जातीचे रॉड कोरडे, गरम ठेवावे लागतात हे शिकवणाऱ्याच्या गावीच नाही. मुलांच्या जोडाला चाळणीसारखी भोकं पडायची आणि हा माणूस ‘तुमचा हात स्थिर नाही’ म्हणून मुलांवर ओरडायचा. त्यातला एक मुलगा आपल्याला काहीच जमत नाही असं समजून वर्गच सोडून गेला. गणितात नापास, इथेही नापास.

ठिणगी :
मी शाळेत वर्कशॉप शिकवतो. मास्तरला धोपटणं सोपं आहे. रॉड ठेवायच्या ओव्हनची मागणी किती वेळा लिहून दिली विचारा! एक लेथ आणि भोवती अख्खा वर्ग. एकाने चकची (काम पकडून फिरणाऱ्या जबड्याची) किल्ली चकमध्येच विसरून मशीन सुरू केलं तर ती गोळीसारखी उडते. मी पोरांना शिकवू की त्यांचे डोळे वाचवू? आणि चांगला वेल्डर शाळेत का येईल? बाहेर त्याला जास्त मिळतं.

खडूफळा :
ओव्हन नव्हता हे मान्य. पण मुलावर ओरडायला कुणी सांगितलं होतं? ओरडायला बजेट लागत नाही, तसं गप्प राहायलाही लागत नाही.

ठिणगी :
तो मी नव्हतो! एका माणसावरून आम्हा सगळ्यांना का झोडपता? जर्मनीत कंपनीत शिकवणाऱ्याला स्वतःला प्रशिक्षक म्हणून परीक्षा द्यावी लागते. आम्हाला कोण शिकवतं? मशीन बदललं की माहितीपत्रक हातात देतात, झालं.

करवत :
धागा भरकटतोय. मूळ प्रश्न मुलांना वेगळं काढण्याचा होता.

खडूफळा :
अजिबात भरकटलेला नाही. शिकवणारा धड नसेल तर आठवीला पाठवा नाहीतर दहावीला, मूल तिथेही फुकटच जाणार.

अर्धवर्तुळ :
दोन्ही प्रश्न जोडलेलेच आहेत. जो वर्ग ‘उरलेल्यांचा’ ठरतो, त्याला ओव्हन कोण देतंय? अमेरिकेतल्या ‘करिअर अकॅडमी’त व्यवसाय आणि नेहमीचे विषय एकाच छपराखाली शिकवले. शाळा संपल्यावरच्या आठ वर्षांत त्या मुलांची कमाई सरासरी ११ टक्क्यांनी जास्त होती.

निशिगंध :
तो फायदा मुख्यतः मुलग्यांना झाला, मुलींच्या कमाईत ठळक फरक नव्हता, तेही सांगा. बरं, करवत, एक मानते. माझ्या भावाला आज गॅसच्या दाबाचं गणित येतं. पण ते त्याला फळ्यावर आलं नाही, गेज (दाब मोजायचं यंत्र) हातात धरल्यावर आलं. तुम्ही आधी गणित, मग हत्यार म्हणत असाल तर माझा विरोध कायम आहे.

करवत :
आधी-मग असं मी म्हटलेलंच नाही. गेज हातात द्या आणि गणित तिथेच शिकवा, याला माझी ना नाही. फक्त त्यासाठी त्याला आठवीत वर्गाबाहेर काढू नका. तुमच्या भावाला गणित येतं, ते आलं असतं हे शाळेने आधीच ओळखायला हवं होतं.

निशिगंध :
शाळेने ओळखलं नाही, म्हणूनच तर तो बाहेर पडला. तेवढं पुढच्या वेळी लक्षात ठेवून लिहा.