डोक्यावरची ओढणी आणि समोरच्याची नजर : तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळची सीएसएमटीकडे जाणारी धीमी लोकल, लेडीज डबा. मुंबईकर बायकांना माहीत आहे, तिघींच्या बाकावर चौथी बसतेच. कोणी सांगावं लागत नाही, आपोआप सरकलं जातं. कळव्याला बुरखा घातलेली एक बाई चढली. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. आमच्या बाकाशी येऊन उभी राहिली. कोणी सरकलं नाही. पुढच्या स्टेशनला पंजाबी ड्रेसमधली एक मुलगी चढली आणि सगळ्या सरकल्या. ती बसली, ही एक्स-रे सांभाळत उभीच.

खिडकीला मी होते. मीही हलले नव्हते. रागाने नाही, ठरवूनही नाही, फक्त हलले नाही. ते तेव्हापासून मला सोडत नाही.

म्हणून हा धागा काढते आहे. ज्या बुरखा, नकाब, हिजाब वापरतात किंवा नुसती ओढणी डोक्यावर घेतात, ज्या वापरायच्या आणि आता वापरत नाहीत, त्यांनी लिहावं. घरच्यांनी लिहावं. माझ्यासारखं ज्यांच्याकडून काही घडलं किंवा राहून गेलं, त्यांनीही लिहावं. घालावा की घालू नये हा वाद इथे नको. काय घडलं ते सांगा. माणसांची, संस्थांची नावं टाळा.

खाडीपलीकडची

मी दापोली तालुक्यातली. डी.फार्म. झाले, गेली अकरा वर्षं औषधाचं दुकान चालवते. डोक्याला स्कार्फ असतो, चेहरा उघडा. गिऱ्हाईक येतं, माझ्याकडे बघतं आणि हिंदी सुरू करतं. “भाभी, खांसी का कुछ है क्या?” शेजारच्या दुकानात हाच माणूस शुद्ध मराठीत बोलून आलेला असतो. मी मराठीत उत्तर देते, तरी तो हिंदीच रेटतो. मग चौथ्या-पाचव्या वाक्याला थांबून म्हणतो, “अय्या, तुम्ही किती छान मराठी बोलता!”

आमच्या घरात कोकणी बोलतात. शाळा मराठी. उर्दू माझ्या वडिलांना धड वाचता येत नव्हती. तांदळाची भाकरी आणि मासळीचं कालवण खाऊन वाढलेली मी, मला माझ्याच भाषेबद्दल शाबासकी मिळते. लोक प्रेमाने म्हणतात, म्हणून उलट बोलवतही नाही. आणि दुसरं म्हणजे “मालक कुठे आहेत?” काउंटरच्या मागे भिंतीवर माझ्या नावाचा परवाना टांगलेला आहे. तो मी मुद्दाम नजरेच्या उंचीवर आणून लावला.

पौडरोडवरून

पुण्यात एक गंमत आहे, पण मला ती गंमत वाटत नाही. सकाळी स्कूटरवर निघालेल्या मुली बघा. उन्हासाठी, धुळीसाठी सगळ्यांनी डोकं-तोंड स्कार्फने बांधलेलं, वर गॉगल. सिग्नलला दहा जणी उभ्या असतील तर त्यात मी कोण हे माझ्या आईलाही सांगता यायचं नाही. तिथवर मी इतरांसारखी पुणेरी मुलगी असते. रिक्षावाले काका सुद्धा “ताई, स्टँड काढा की वर” असं ओरडतात.

ऑफिसच्या पार्किंगमध्ये सगळ्या स्कार्फ सोडून डिकीत टाकतात. मी तोंडावरचा सोडते, डोक्यावरचा नीट करते. लिफ्टपर्यंत जेमतेम चाळीस पावलं, आणि त्यात सगळं बदलतं. नव्या प्रोजेक्टवर पहिल्या दिवशी एकाने विचारलं, “तुला घरून परवानगी आहे ना उशिरा थांबायची?” बाकी तिघींना विचारलं नाही. वाईट हेतू नव्हता त्याचा. पण नंतर रात्री थांबून करायच्या कामाच्या (रिलीजच्या) यादीत माझं नाव कधी आलंच नाही, आणि वर्षाच्या शेवटी “जबाबदारी घेत नाही” असा शेरा आला.

धागाकर्ती

हे वाचून थांबले. नकार शिष्टाचाराच्या वेषात येतो तेव्हा तक्रार तरी कुठे करायची? लिहीत राहा.

मास्तरीण

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे निवडणुकीची ड्यूटी चुकत नाही. २० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. पडदानशीन मतदार जास्त असतील तिथे ओळख पटवायला स्त्री कर्मचारी असावी, आडोसा असावा, असं आयोगाच्या सूचनांतच आहे. मी त्यासाठीच होते. बाई येते, आडोशाला माझ्यासमोर नकाब वर करते, मी ओळखपत्राशी चेहरा ताडून बघते, शाई लावते, ती पुढे जाते. अर्ध्या मिनिटाचं काम.

दहाच्या सुमाराला एका उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी मोठ्याने बोलायला लागला, “हे काय खरं नाही, एकच बाई चार वेळा येते.” रांगेतल्या बायका चुळबुळायला लागल्या. दोघी तर मागे फिरल्या. आमचे केंद्राध्यक्ष निवृत्तीला आलेले, अगदी थंड माणूस. ते म्हणाले, “आक्षेप घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. नाव सांगा, दोन रुपये जमा करा, मी लगेच चौकशी करतो.” नियम तसाच आहे, मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घ्यायचा तर दोन रुपये अनामत भरावी लागते. त्या गृहस्थाने दिवसभरात एकदाही दोन रुपये काढले नाहीत. बोलायला मात्र पैसे पडत नव्हते.

मागे फिरलेल्या दोघींपैकी एक साडेपाचला परत आली. दुसरी आली नाही. मी सहापर्यंत दाराकडे बघत होते.

नाव नको, भिवंडी

मी दहावीपासून बुरखा घालत होते. मोहल्ल्यात सगळ्याच घालायच्या, मला कोणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. लग्नानंतर ऐरोलीला नोकरी लागली. वर्षभराने मी ठरवून सोडला. नवऱ्याची हरकत नव्हती. जेठांनी चार महिने माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. सासू म्हणाली, “गल्लीत येताना तरी घाल.” म्हणून कित्येक महिने मी स्टेशनच्या बाथरूममध्ये घालायचे-काढायचे.

हे एकीकडचं. आता दुसरीकडचं. ऑफिसात ज्या दिवशी बुरख्याशिवाय गेले त्या दिवशी टाळ्या पडल्या. खरंच, दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. “आता कशी मोकळी झालीस!” एकीने मिठी मारली. ती आदल्या दिवसापर्यंत माझ्याशी फाइलीपलीकडे बोलली नव्हती. संध्याकाळी मी ट्रेनमध्ये रडले. तीच मी होते ना काल? डबाही तोच आणत होते, काम तेच करत होते. सोडल्याचा पश्चात्ताप अजिबात नाही. पण ती मिठी मला आजही टोचते.

जुनी कार्यकर्ती, पुणे

वय एकाहत्तर. मी पडदा मानत नाही, कधी घेतला नाही. १८ एप्रिल १९६६ ला समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लीम बायकांना घेऊन तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईत मोर्चा काढला तेव्हा मी शाळेत होते. तो फोटो बघत मोठी झाले. १९७० मध्ये त्यांचं मुस्लीम सत्यशोधक मंडळ निघालं, पुढे मी त्यात जायला लागले. १९८२ मध्ये जळगावात मुस्लीम बायकांना सिनेमा बघायला बंदी घातली, तेव्हा रझिया पटेल आणि तिच्या मैत्रिणी त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. धमक्या आल्या, मारहाणीची भाषा झाली. आम्ही समाजाकडून काय काय ऐकून घेतलंय ते आम्हालाच ठाऊक.

हे सगळं सांगते ते यासाठी, की पडद्याविरुद्धचं माझं भांडण आहे आणि मरेपर्यंत राहील. पण ते माझ्या घरातलं भांडण आहे. मी माझ्या भाचीशी वाद घालते, मग तिच्याच हातचा चहा पिते. आता रस्त्यावरचा एखादा टवाळ तिच्या अंगावर ओरडतो आणि वर मला सांगतो, “मावशी, तुमचंच तर म्हणणं आहे.” माझं म्हणणं हे नव्हतं. मुलीला शाळेच्या दारातून परत पाठवून कुठली सुधारणा झाली? २०२२ मध्ये कर्नाटकात उडुपीला हिजाब घातलेल्या मुलींना कॉलेजात अडवलं तेव्हा मला झोप लागत नव्हती. मुलगी वर्गात बसली तर उद्या माझ्याशी वाद घालायला तरी येईल. घरी बसली तर संपलं.

सोलापूरकरीण

थोडं वेगळं लिहिते. अक्कलकोटहून एसटीने येत होते, अर्ध्या तिकिटाची सवलत लागू झाल्यापासून बायकांची गर्दी असते. शेजारी एक म्हातारी, नऊवारी, पदर डोक्यावरून घट्ट. थोडा वेळ बघत राहिली आणि सरळ म्हणाली, “बाई, माझा पदर सासऱ्याच्या धाकानं वर गेला तो ऱ्हायलाच. तुझा कुणाच्या धाकानं?” मला हसू आलं. म्हटलं, “आधी अम्मीच्या. आता नाही घेतला तर मलाच चुकल्यासारखं वाटतं.” ती म्हणाली, “मग माझ्यावानीच की.” आणि पिशवीतून शेंगाचटणी-भाकरी काढली.

मला इतकी वर्षं कोणी असं तोंडावर विचारलं नव्हतं. लोक मनातच ठरवून मोकळे होतात.

एस.वाय.ची विद्यार्थिनी, मुंबई

आमच्या कॉलेजात आधीपासून पद्धत होती की बुरखा गर्ल्स कॉमन रूममध्ये काढून ठेवायचा, वर्गात ओढणी चालायची. कोणाला काही वाटत नव्हतं. मग चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाबवर बंदी घातली, ते प्रकरण झालं. २०२४ च्या जूनमध्ये उच्च न्यायालयाने तिथल्या मुलींची याचिका फेटाळली आणि आठवड्याभरात आमच्याही गेटवर सूचना लागली. वॉचमनकाका, जे रोज “चला चला, बेल झाली” म्हणायचे, ते नजर खाली घालून म्हणाले, “बेटा, काढून जा.” माझ्या मागे मुलांची रांग. मी गेटवर, सगळ्यांसमोर पिना काढल्या. केस विंचरलेले नव्हते. मला तेवढंच आठवतं, केस विंचरलेले नव्हते.

९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी, बॅज यांच्यावरच्या बंदीला स्थगिती दिली. टिळा आणि टिकलीवरही बंदी घालणार का, असं न्यायमूर्तींनी विचारलं होतं. चेहरा झाकणारा नकाब आणि बुरखा वर्गात नको, हे मात्र कायम ठेवलं, आणि ते मलाही पटतं. आमची सूचना कोणीतरी गुपचूप काढली. माझी मैत्रीण त्याआधीच दाखला घेऊन गेली होती. ती आता बाहेरून परीक्षा देते. तिचे अकाउंट्स माझ्यापेक्षा चांगले होते.

एजंट, कोथरूड-वारजे

भाड्याने घरं दाखवतो. वाचून राहवलं नाही. दोन वर्षांपूर्वी एक इंजिनिअर गृहस्थ एकटे आले, घर बघितलं, टोकन दिलं. मालकांनी आडनावही विचारलं, हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी मिसेस स्वयंपाकघर बघायला आल्या, डोक्याला हिजाब. ओट्याची उंची, पाण्याची वेळ विचारून गेल्या. रात्री मालकांचा फोन, “आम्ही घर भाच्याला द्यायचं ठरवलंय.” भाचा वगैरे कोणी नव्हता, ते घर महिनाभर रिकामं होतं. टोकन परत द्यायला मी गेलो आणि भाच्याचीच गोष्ट सांगितली. त्या बाई म्हणाल्या, “दादा, खरं सांगितलं असतं तरी चाललं असतं.” आता मी मालकाला आधीच स्पष्ट विचारतो. नाही म्हणाले तर ते घर माझ्या यादीत घेत नाही. माझी काही घरं गेली.

केपटाउनहून

माहेर मंडणगडकडचं. आमच्या भागातली माणसं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपासून इथे आली, इथे आम्हाला कोकणीच म्हणतात. इथे स्कार्फ घालून मी बँकेत काम करते, कोणी मान वळवत नाही. पण हे आपोआप झालेलं नाही. इथल्या लष्करातल्या एका मुस्लीम अधिकारी बाईवर गणवेशाच्या टोपीखाली स्कार्फ घातल्याबद्दल खटला चालला होता. २०२० च्या जानेवारीत आरोप मागे घेतले आणि पुढच्या वर्षी लष्कराने नियमच बदलला. मी इथे हे विसरून जाते. मुंबई विमानतळावर उतरले की दहा मिनिटांत आठवतं. टॅक्सीच्या रांगेतच.

धागाकर्ती

मंडणगड, दापोली, दोघींनी एकमेकींना उत्तर द्यावं अशी फार इच्छा आहे. आणि मास्तरीणबाई, ती दुसरी बाई माझ्याही डोळ्यांसमोरून हलत नाही.

एक बाप

मुलीला दहावीला ८८ टक्के आहेत. सायन्स घ्यायचंय. ती चौदाव्या वर्षापासून हिजाब घेते, माझ्या बायकोने कधी घेतला नाही, त्यावरून दोघींचं वाजतंही. सगळे बाप कटऑफ बघतायत, फी बघतायत. मीही बघितली. पण त्याआधी एक काम करतो, ते मुलीला सांगितलेलं नाही. सकाळची बॅच भरायच्या वेळी कॉलेजसमोर चहाच्या टपरीवर उभा राहतो आणि गेटातून आत जाणाऱ्या मुली बघतो. डोक्यावर ओढणी असलेल्या किती, त्यांना कोणी अडवतं का, त्या एकट्या चालतात की इतर मुलींबरोबर गप्पा मारत. परवा टपरीवाल्याला संशय आला, कोणाच्या मुली बघतोस म्हणून. त्याला खरं सांगितलं. त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

तीन कॉलेजं झाली. चौथ्याची पहिली बॅच सातला भरते, उद्या पावणेसातला जाऊन उभा राहीन.