मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढून पोट भरतं का? (आणि हातात आलेल्या कराराचं काय करू)

रंगपेटी_कराड

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसतीच वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कराडची, वय २८, एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) झालंय, एका खाजगी शाळेत चित्रकला शिकवते. पगार सांगण्यासारखा नाही म्हणून सांगत नाही. शाळेतलं काम म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी आणि गॅदरिंगचे पडदे रंगवणे. पण रात्री ओटा आवरला की मी गोष्टींची चित्रं काढत बसते. आजोबांनी चांदोबाचे अंक बाइंडिंग करून ठेवले होते, त्यातला विक्रम आणि वेताळ गिरवून गिरवूनच माझा हात बसला म्हणा ना.

तर झालं असं की इन्स्टावर मी आमच्या म्हशीची चित्रं टाकली होती ती बघून एका प्रकाशकांचा फोन आला. बेडकाची गोष्ट आहे, २४ पानं, मुखपृष्ठासकट सगळी चित्रं, दोन महिन्यांत द्यायची, एकरकमी १५ हजार. करार मेलवर आलाय, एकच पान आहे, त्यात लिहिलंय की चित्रांचे सर्व हक्क कायमस्वरूपी आणि सर्व माध्यमांत प्रकाशकाकडे राहतील. माझं नाव कुठे छापणार ते लिहिलेलंच नाही, विचारलं तर म्हणाले आत कुठेतरी येईल की मॅडम.

सासूबाई म्हणतात पंधरा हजार काय कमी आहेत का, नवरा म्हणतो सही करू नकोस, आणि मी दोघांच्या मध्ये. हा व्यवहार बरा की वाईट? आणि नुसत्या या कामावर कोणी जगतं का, की सगळे नोकरी सांभाळूनच करतात? खरं सांगा, गोड बोलू नका.

जुना_कुंचला

ताई, तीस वर्षं या धंद्यात आहे त्यामुळे लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

आधी हिशेब करू. २४ पानांतली दोन पानं शीर्षक नि प्रकाशकाच्या माहितीत जातात, उरली २२, त्यात मुखपृष्ठ धरलं की २३ चित्रं. एका चित्राला रफ, मग त्यांनी सांगितलेले बदल, मग फायनल, असे तीन दिवस लागतातच, नवख्याला जास्त. म्हणजे सत्तर दिवस झाले आणि तुम्हाला दिलेत साठ, तेही शाळा करून! दिवसाला पडले दोनशेच्या आसपास, भिंत रंगवणारा रंगारी याच्या चौपट घेतो आणि त्याला कोणी म्हणत नाही की जरा भिंत हसरी करा.

पोट भरतं का, तर माझं भरलं पण गोष्टीच्या पुस्तकांवर नाही. गाईडं, पाठ्यपुस्तकं, दिवाळी अंकांची चित्रं, लग्नपत्रिका, आणि मधली चार वर्षं एका जाहिरात एजन्सीत साबणाच्या वड्या काढल्या. गोष्टीची पुस्तकं त्या पैशांवर पोसली असं म्हटलं तरी चालेल. बायको म्हणायची तुमचा तो महागडा छंद आहे.

तुम्ही वेताळाचं नाव काढलं म्हणून सांगतो. ती चित्रं काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन. चांदोबा मद्रासहून निघायचा, तेलुगु नि तमिळ १९४७ ला सुरू झाला, मराठी १९५२ ला, आणि चित्रकार तिथे पगारावर होते. महिन्याच्या महिन्याला पैसे येणार हे माहीत असलं की माणूस त्या झाडाच्या एकेका पारंबीवर जीव लावू शकतो, आमच्यासारखं पुढचं काम कुठून येईल म्हणून फोनकडे बघत बसावं लागत नाही. शंकर २०२० ला गेले, ९६ वर्षांचे होऊन, आणि पद्मश्री मिळाली ती गेल्यावर, २०२१ ला. दुसऱ्या बाजूला आपले गोव्याचे दीनानाथ दलाल बघा, त्यांनी १९४५ ला स्वतःचा दीपावली अंकच काढला, म्हणजे चित्रकार तेच आणि मालकही तेच. आज तुम्हाला तो पगारही नाही आणि ती मालकीही नाही, तुम्हाला आहे ती ठोक रक्कम. म्हणून रकमेपेक्षा त्या एका पानावर काय लिहिलंय ते जास्त बघा, तिथे वकील मंडळींनी बोलावं.

कलम_सतरा

हाक मारलीत म्हणून आलो. वकील आहे पण रोजचं काम जमिनीच्या वादांचं, तेव्हा सही करण्याआधी या विषयातल्या कोणालातरी कागद दाखवाच.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ आहे. साधारणपणे ज्याने चित्र काढलं तो मालक, पण कोणी पैसे देऊन पेंटिंग करून घेतलं असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल तर पहिला मालक पैसे देणारा. आता पुस्तकातलं चित्र त्या व्याख्येत बसतं का यावर वाद घालता येईल पण तुम्हाला पंधरा हजारांसाठी कोर्टात वाद घालायचा नाहीये. त्यामुळे "करारात लिहिलं नाही म्हणजे हक्क माझाच" असं समजून गप्प बसू नका, लिहून घ्या.

कलम १९ मात्र तुमच्या बाजूचं आहे. हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच त्यांनी "कायमस्वरूपी" हा शब्द मुद्दाम घातलाय, तो काय सहज आलेला नाही. तुम्ही म्हणा की हे पुस्तक, मराठी भाषा, पाच वर्षं. हिंदी-इंग्रजी आवृत्ती काढली, चित्र वहीच्या कव्हरवर नाहीतर दप्तरावर छापलं, तर वेगळे पैसे.

आणि कलम ५७. हक्क विकले तरी हे चित्र माझं आहे असं म्हणायचा आणि त्याची मोडतोड करून बदनामी होत असेल तर अडवायचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं होतं, २००५ ला दिल्ली हायकोर्टाने ते त्यांना परत द्यायला लावलं, वर पाच लाख भरपाई. तेव्हा "आत कुठेतरी येईल" हे उत्तर चालवून घेऊ नका.

जाता जाता, कॉपीराइट वेगळा आणि चित्राचा कागद वेगळा. हाताने काढत असाल तर मूळ चित्रं परत मिळतील असं एक वाक्य घाला.

जुना_कुंचला

ते शेवटचं सोन्यासारखं बोललात. माझी पंचवीसेक मूळ चित्रं एका ऑफिसच्या माळ्यावर पावसात भिजून गेली, मागायला गेलो तर शिपाई म्हणाला रद्दीत दिली वाटतं. तेव्हा स्कॅनर स्वस्त नव्हते हो.

छापखान्यातला

इथे प्रकाशकाला शिव्या पडणार म्हणून थांबलो होतो, पण दुसरी बाजू पण ऐका. मी लहान प्रकाशनात आहे (ताईंचे प्रकाशक आम्ही नव्हे). रंगीत २४ पानी पुस्तक, आम्ही हजार प्रती काढतो, किंमत ६० ठेवली. यापेक्षा जास्त ठेवली की प्रदर्शनात आईबाप पुस्तक उलटं करून किंमत बघतात आणि परत ठेवतात, तेच लोक बाहेर जाऊन दीडशेचं पॉपकॉर्न घेतात ते सोडा. साठ हजारातले चाळीस टक्के विक्रेता-वितरक घेणार, राहिले छत्तीस. छपाई, कागद, पिना मारून आमच्या हिशेबात प्रतीला २४ रुपये, गेले चोवीस हजार. उरलेल्या बारा हजारांत लेखक, चित्रकार, संपादन, गोदाम. आणि हे सगळ्या प्रती खपल्या तर, त्याला तीन वर्षं लागतात. त्यामुळे पंधरा हजार देणारा माणूस लुटारू आहे असं मला तरी वाटत नाही, तो पहिल्या आवृत्तीत तोट्यात आहे आणि दुसरीच्या आशेवर बसलाय.

पण मुखपृष्ठावर नाव टाकायला शाई किती लागते? ते न देणं हा नुसता आळस आहे. आणि दुसरी आवृत्ती निघाली तर चित्रकाराला काहीतरी द्यायचं हे आधीच लिहून ठेवलं तर आम्हाला पण झेपतं, कारण तेव्हा चित्रांचा खर्च नसतोच.

अजून एक, तुम्ही पुढे इतरांसाठी पण काम कराल म्हणून सांगतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या पुस्तकांच्या वेबसाइटवरची बरीचशी पुस्तकं खुल्या परवान्यात आहेत, म्हणजे मूळ लेखक-चित्रकाराचं नाव देऊन ती कोणीही भाषांतर करू शकतं, छापू शकतं, विकूसुद्धा शकतं. चित्रकाराला मानधन एकदाच, पण पुस्तक कुठच्या कुठे जातं. काहींना ते आवडतं काहींना नाही, आपण काय देतोय ते कळून द्यावं इतकंच.

वाचनालयवाली_ताई

मी कायदा-बियदा सांगू शकत नाही, मुलांचं वाचनालय चालवते त्यावरून सांगते. मुलं पुस्तक चित्रावरूनच उचलतात, आणि पालक लेखकाचं नाव वाचतात. टिंकलमधला सुपंडी म्हटलं की सगळे हसतात, तो काढणाऱ्या राम वाईरकरांचं नाव विचारलं की शांतता. अमर चित्र कथेचा पहिला कृष्ण पण त्यांचाच, पण घराघरात ते अंक किलोने पडलेले असून नाव कोणाला माहीत नाही.

अपवाद म्हणजे माधुरी पुरंदरे. राधाचं घर मुलं फाटेपर्यंत वाचतात, आणि तिथे लिहिणारीही त्याच आणि काढणारीही त्याच. २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आहे त्यांना. लिहिता येत असेल तर रंगपेटी तू पण लिही ना गं, म्हैस तुझी, गोष्ट तुझी, मग मानधनाचे वाटेकरी पण कमी.

लंडनचा_बोका

इकडे ब्रिटनमध्ये लायब्ररीतून पुस्तक कोणी घरी नेलं की लेखकाला काही पेन्स मिळतात, आणि चित्रकाराला पण त्यातला वाटा असतो. पब्लिक लेंडिंग राइट म्हणतात, वर्षाला जास्तीत जास्त ६६०० पौंड. लहान मुलांच्या चित्रपुस्तकात रॉयल्टी बऱ्याचदा लेखक-चित्रकार अर्धी अर्धी. तरीसुद्धा इथल्या चित्रकारांना मुखपृष्ठावर आपलं नाव यावं म्हणून मोहीम काढावी लागली, सारा मॅकिन्टायर नावाच्या बाईंनी चालवली होती. तेव्हा दुखणं सगळीकडे तेच आहे.

जुना_कुंचला

बोकोबा, आमच्याकडे लायब्ररीला पुस्तक घ्यायलाच पैसे नाहीत, नेलं म्हणून कोण देणार :)

वांगी_पावटा

एवढं सगळं वाचून एकच म्हणतो, शाळा सोडू नका. माझा भाऊ भोपाळला एकलव्य संस्थेच्या चकमक या मुलांच्या हिंदी मासिकासाठी चित्रं काढतो, काम सुंदर, माणसं चांगली, पण तो पण वर्कशॉप घेतो, भिंती रंगवतो, तेव्हा भाडं निघतं. आणि गोंड चित्रकार भज्जू श्याम भोपाळलाच रात्रपाळीचे वॉचमन होते हे विसरू नका. लंडनच्या एका हॉटेलची भिंत रंगवायला गेले आणि त्या प्रवासावर २००४ ला चेन्नईच्या तारा बुक्सने पुस्तक काढलं, तिथून गाडी लागली. २०१८ ला पद्मश्री. पण अशा वॉचमनमागे नुसतेच वॉचमन राहिलेले किती असतील.

हल्ली दुसरंच सुरू झालंय, भावाला एकाने कॉम्प्युटरने बनवलेली चित्रं पाठवली आणि म्हणे फक्त बोटं नीट करून द्या, बोटाला वीस रुपये. त्याने करून दिली पण, भाडं होतं ना.

रंगपेटी_कराड

सगळ्यांचे खूप आभार, सासूबाईंना हिशेब वाचून दाखवला, रंगाऱ्याच्या मुद्द्यावर त्या एकदम नवऱ्याच्या पार्टीत गेल्या.

परवा मेल केला, कलम_सतरा दादांनी सांगितलं तसंच सगळं, आणि एका मावसबहिणीच्या ओळखीच्या वकीलबाईंना दाखवून. काल उत्तर आलं. मुखपृष्ठावर नाव देणार, मूळ चित्रं परत, मराठी आणि पाच वर्षं मान्य. दुसऱ्या आवृत्तीचे पैसे "तेव्हा बघू" म्हणाले, ते मी लेखी मागितलंय, अजून उत्तर नाही. रक्कम वाढवणार नाहीत पण २४ ची १६ पानं करायला तयार झाले आणि महिना वाढवून दिला. शाळा सोडत नाहीये.

आता खरी अडचण सांगते. माझ्या बेडकाचे मागचे पाय सारखे कोंबडीसारखे होताहेत, गुगलवरचे सगळे फोटो वरून काढलेले. कोणाकडे बाजूने, उडी मारायच्या आधी बसलेला बेडूक असेल तर टाका प्लीज.

जुना_कुंचला

फोटो कशाला, कृष्णाकाठी राहता ना? वही घेऊन संध्याकाळी घाटावर जा. आणि मागच्या पायाला सांधा एक जास्त आहे असं समजून काढा, आपोआप बसेल.