मदत हवी आहे: सोल्डर केल्यावर आर्द्रतेचा सेन्सर ९९ वरच अडकलाय

तासगावचा_बागायतदार: आज तिसरा सेन्सर बसवला, पुन्हा तेच. तापमान बरोबर, पण आर्द्रता ९८-९९ वरून हलत नाही, बाहेर रखरखीत ऊन असलं तरी. शॉर्ट कुठंच नाही. परवा छाटणी, त्याआधी द्राक्षबागेत चार ठिकाणी लावायचेत. डाऊनीची (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) फवारणी या आकड्यावर ठरवतो. काय चुकतंय? लवकर सांगा.

कृष्णाकाठ: सेन्सर कुठला? तयार बोर्डवर बसवलेलं मॉड्यूल की सुटी चिप? सोल्डर कशानं केलं?

तासगावचा_बागायतदार: एसएचटी३१, सुटी चिप. हॉट एअर गननं, गरम हवा मारून.

जुना_मेकॅनिक: हॉट एअरनंच मारली चिप. मी आयुष्यभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. २५ वॅटचं आयर्न, बारीक बिट, तीन सेकंदांत टाका. बाकी सगळी फॅडं.

कृष्णाकाठ: काका, ही चिप अडीच मिलिमीटरची, पाय नाहीत, पॅड पोटाखाली. बिट पोचणार कुठं?

जुना_मेकॅनिक: मग तयार मॉड्यूल घ्यावं. शेतकऱ्याला हा खटाटोप कशाला?

इस्लामपूरकर: बिस्मथची सोल्डर पेस्ट घ्या. १३८ अंशांना वितळते. साध्या ६३/३७ ला (कथील-शिसं) १८३ लागतात, लेड-फ्रीला (बिनशिशाच्या) २१७ च्या वर. बोर्ड हॉट प्लेटवर ठेवून खालून तापवा. मी सगळं असंच करतो.

कृष्णाकाठ: बिस्मथचा जोड ठिसूळ असतो, बागेत धक्के बसतात. आणि ही चिप रिफ्लोची (पेस्ट वितळवून जोडतानाची) उष्णता थोडा वेळ सोसते. माझा संशय दुसरीकडं आहे. सोल्डरनंतर बोर्ड धुतला का?

तासगावचा_बागायतदार: हो, आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) आणि ब्रशनं. सोल्डर नीट धरायला लावतात तो फ्लक्स चिकट राहतो ना. मग पहिल्या दोघांवर लॅकरचा स्प्रे मारला, बागेतल्या ओलीसाठी. तिसऱ्यावर अजून मारायचाय.

कृष्णाकाठ: हे आधी सांगायचं हो! चिपवर जे छिद्र दिसतं, त्याच्या आत पॉलिमरचा थर असतो. तो हवेतली वाफ शोषतो, त्यानं कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) बदलतो, त्यावरून चिप आर्द्रता मोजते. तिथं फ्लक्स मिसळलेलं आयपीए गेलं की आकडा बिघडतो. नो-क्लीन (नंतर धुवावी न लागणारी) पेस्ट वापरायची आणि बोर्ड धुवायचाच नाही. स्प्रे मारायचा तर आधी छिद्रावर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी). लॅकर बसलेले दोन्ही गेले असं धरा.

सावळजचा: पण डाऊनीला नुसती हवेतली आर्द्रता पाहून भागत नाही, पान किती तास ओलं राहिलं ते बघा. माझी बाग पहाटेच्या दवानं गेली होती.

इस्लामपूरकर: सोलर पॅनेल किती वॅटचं घेतलंय?

तासगावचा_बागायतदार: पॅनेलचं नंतर बघू. तिसरा वाचेल का?

कृष्णाकाठ: प्रयत्न करा. बॅटरी, प्लास्टिकचे कनेक्टर काढून बोर्ड १०० ते १०५ अंशांच्या कोरड्या ओव्हनमध्ये १० तास. ओव्हनच्या बटणावर विसंबू नका, आत थर्मामीटर ठेवा. मग मिठाच्या डब्यात १२ तास: हवाबंद डबा, झाकणभर मीठ, ओलं होईल एवढंच पाणी, बोर्ड मिठाला न लावता. २५ अंशांना डब्यात ७५ टक्के आर्द्रता धरते. सेन्सर त्याच्या आसपास आला तर वाचला.

जुना_मेकॅनिक: मिठाची युक्ती मला माहीत नव्हती. करून बघतो.

तासगावचा_बागायतदार: काल रात्री ओव्हनमध्ये, आज सकाळपासून डब्यात. आत्ता ७८ दाखवतोय, हळूहळू उतरतोय. नवीन तीन चिपा मागवल्यात. छाटणी ठरल्या दिवशीच, सेन्सर मागनं लावीन.

कृष्णाकाठ: १२ तास पूर्ण होऊ द्या, मग आकडा टाका. नव्या चिपांना ब्रश लावू नका.