मदत हवी आहे: योहान 8:58 मधला ‘मी आहे’ निर्गमाशी जोडावा की यशयाशी?

बायबलच्या नव्या करारातल्या योहानच्या शुभवर्तमानात (8:58) येशू म्हणतो, अब्राहामाच्या आधीपासून ‘एगो एइमी’, म्हणजे ‘मी आहे’. हा देवत्वाचा दावा मानून ख्रिस्ती बाजू थेट जुन्या करारातलं निर्गम 3:14 गाठते, जिथे देव मोशेला आपलं नाव ‘मी आहे’ असं सांगतो. पण तिथल्या ग्रीक भाषांतरात नाव म्हणून पुढे ‘हो ओन’ (‘जो आहे तो’) येतं, आणि जोड सैल पडते. मुस्लिम अभ्यासक योहान 9:9 दाखवतात: हेच शब्द बरा झालेला आंधळाही बोलतो. पण त्याच्यावर कुणी दगड उचलत नाही, 8:59 मध्ये उचलतात. हा फरक मला फार मोठा वाटतो.

जुन्या करारातल्याच यशया 43:10 च्या ग्रीक पाठात देवाच्या तोंडी नुसतंच ‘एगो एइमी’ आहे, तो आधार जास्त भक्कम. त्याला मुस्लिम बाजूचं व्याकरणाचं उत्तर काय? कुराण 5:116 मध्ये ईसा (येशू) ‘मला देव माना’ असं सांगितल्याचं नाकारतात, ते ठाऊक आहे. इथे ग्रीक पाठापुरतंच सांगा.