मदत हवी आहे: आईसाठी साधा वृद्धाश्रम की नर्सिंग केअर?

नमस्कार मंडळी. आई ७८ वर्षांची, आम्ही नागपुरात त्रिमूर्ती नगरला राहतो. दीड वर्षापूर्वी डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) निदान झालं. ती स्वतः जेवते, आंघोळीला मात्र कोणीतरी लागतं. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या एकदमच घेऊन टाकते. परवा पहाटे तीनला पिशवी घेऊन दाराशी उभी! म्हणे, "महालातल्या घरी जाऊन राहिली मी." महाल भागातलं ते आमचं जुनं घर विकून वीस वर्षं झाली. आम्ही दोघंही नोकरीवाले, त्यात दोन महिन्यांत तीन बाया सोडून गेल्या.

वर्धा रोडकडच्या एका वृद्धाश्रमात विचारलं. तिथे फक्त चालते-फिरते, स्वतःचं स्वतः करणारेच घेतात. दुसरीकडे चोवीस तास नर्स होती, पण बहुतेक सगळे अंथरुणाला खिळलेले, कोणाला नळीतून जेवण, कोणाला कॅथेटर (लघवीची नळी). आई तिथे बसून राहील आणि महिन्याभरात चालणंही विसरेल, अशी मला धास्ती वाटते. तिला हवंय ते या दोन्हींच्या मधलं.

नागपुरात अशी सोय कोणी प्रत्यक्ष वापरली आहे का? रात्री किती जणांमागे एक अटेंडंट असतो? पुढे ती अंथरुणाला लागली तर तिथेच ठेवतात, की घेऊन जा म्हणतात? डिपॉझिट परत मिळतं का? आणि उन्हाळ्यात कूलर चालू असतो ना, हेही सांगा. मे महिन्यात आई स्वेटर घालून बसते, काढायला लावणारं कोणी हवं.