मदत हवी आहे: चेंडू वर थांबतो, मग त्वरण कुठून आलं?

नमस्कार मंडळी. मी नववीला विज्ञान शिकवते. 'गतीचे नियम' हा धडा चालू आहे आणि गाडी त्वरणापाशी, म्हणजे वेग बदलण्याच्या दरापाशी, अडली आहे.

चाल आणि वेग यांतला फरक मुलांना पटला. मैदानाला 400 मीटरची पूर्ण फेरी मारून आणली, विस्थापन (सुरुवातीपासून शेवटापर्यंतचं सरळ अंतर) शून्य म्हणजे सरासरी वेगही शून्य, हे त्यांनी स्वतःच शोधलं. पण काल वर्गात चेंडू सरळ वर फेकला आणि विचारलं, सगळ्यात वरच्या बिंदूला त्वरण किती? जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला, शून्य. एक मुलगी तर उभीच राहिली, "बाई, तो थांबलाय ना तिथे, मग त्वरण कसलं?" प्रश्न अगदी प्रामाणिक होता.

मी फळ्यावर आकडे मांडले. वर पोचायच्या एक सेकंद आधी वेग 9.8 मीटर प्रतिसेकंद वरच्या दिशेने, वर शून्य, एक सेकंदाने तेवढाच खाली. म्हणजे बदल सारखा चालूच आहे. तिथेही त्वरण शून्य असतं तर चेंडू वरच लटकून राहिला असता! माना हलल्या, पण वहीत पुन्हा शून्यच.

आकड्यांनी काम होत नाही, डोळ्यांना दिसायला हवं. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करून, मागे मोजपट्टी लावून कुणी हे दाखवलंय का? की उतारावरची गोटी बरी? प्रयोगशाळेत साहित्य फारसं नाही, तास 35 मिनिटांचा. तुमच्या वर्गात नेमकं कशाने उमगलं, ते सविस्तर सांगा.