मदत हवी आहे: डॅटसन ६२० पिकअप गरम असताना पुन्हा सुरू होत नाही

गाडी १९७४ ची, एल१८ इंजिन, मूळचा हिताची कार्बोरेटर. मी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहतो. थंड असताना पहिल्या सेल्फला उठते, रस्त्यावर तर इतकी गोड चालते की उतरावंसं वाटत नाही. पण कडक उन्हात चालवून पंधरा-वीस मिनिटं उभी केली की सेल्फ मारून बॅटरी उतरते. त्या वेळी कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरच्या (पेट्रोल साठतं त्या कप्प्याच्या) काचेतून पाहिलं, तर पेट्रोल खुणेच्या बरंच खाली आणि उरलेलं बुडबुडत असतं. गार झाली की आपोआप ठीक.

पॉइंट, कंडेन्सर, प्लग, फ्युएल पंप, फिल्टर नवे टाकले. गरम असतानाही ठिणगी जोरदार आहे, तापमानाचा काटा मध्यावर. इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, म्हणून ते लवकर उकळत असावं.

वेबर (दुसऱ्या कंपनीचा कार्बोरेटर) लावायचा नाही, हिताचीच ठेवायचा आहे. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग (धुराची) तपासणी नाही, त्यामुळे इतर बदल चालतील.

कार्बोरेटरखाली किती जाडीचा फिनॉलिक स्पेसर (इंजिनची उष्णता अडवणारा जाड तुकडा) बसवला तर एअर क्लीनर बॉनेटला लागणार नाही? की जादा पेट्रोल टाकीकडे नेणारी परतीची लाइन टाकल्याशिवाय हे थांबणारच नाही?